दोष आमचा आहे, कॉम्प्रेसर हाताने सुरू करा

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या ऑफिसच्या गॅलरीत रिकामे खोके साचतात तसे ते आपोआप साचतात आणि एखाद्या दिवशी पाय ठेवायला जागा उरत नाही, तेव्हा लक्षात येतं, अरे, बरेच झाले की! परवा चहाच्या वेळी नितीन म्हणाला, "सुजाता, हे सगळं एकदा लिहून काढ, नाहीतर मी माझ्या पद्धतीने सांगत फिरेन." नितीनच्या पद्धतीने सांगितलं की प्रत्येक किश्शात शहाणा माणूस एकच असतो, आणि तो म्हणजे नितीन. म्हणून मीच लिहायला बसले.

तळेगाव स्टेशनजवळ एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. आम्ही पेट्या बनवतो. मावळात गुलाबाची पॉलिहाऊस झाली, त्यांच्यामागून फुलं गार ठेवायच्या कोल्ड रूम आल्या आणि त्या कोल्ड रूमच्या भिंतीवर आमची पेटी आली. पेटीत छोटासा कॉम्प्युटर आणि समोर चार ओळींचा पडदा. पेटी आतल्या सिमवरून आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरशी, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरशी, बोलते, खोली किती गार ठेवायची ते विचारते आणि त्याप्रमाणे कॉम्प्रेसर चालू-बंद करते. बोलणं तुटलं, की ती कॉम्प्रेसरला हातच लावत नाही, आहे तसा सोडून देते. ही अक्कल कोणाची ते विचारू नका, मालक अजून रोज ऑफिसात येतात.

मालक म्हणजे मोघेसर. प्रोग्रॅम लिहिणारे दोघंच, मी आणि नितीन. भाषा C, कारण पेटीतला कॉम्प्युटर इतका गरीब आहे की त्याला दुसरं काही झेपत नाही. बोलणं तुटल्यावर पडद्यावर काय लिहायचं, यावरून आमच्याकडे जेवढी भांडणं झाली तेवढी पगारावरूनही झाली नसतील. त्या सगळ्या भांडणांत मी होते आणि एकातही माघार घेतली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी "ही सुजाता जरा जास्तच करते" असं म्हणायला नको. मला माहीत आहे.

*

मी नोकरीला लागले तेव्हा पेटीतला प्रोग्रॅम माझ्या आधीच्या कोणीतरी लिहून ठेवलेला होता. C मध्ये सॉकेट, म्हणजे बोलायची खिडकी, उघडायला जा, जोडणी करायला जा, काही पाठवायला जा, काम फसलं की हातात एकच उत्तर येतं. उणे एक! वायर तुटली, उणे एक. सिमचा पॅक संपला, उणे एक. सर्व्हर आडवा झाला, तरी उणे एकच. खरं कारण दुसरीकडे लिहिलेलं असतं, ते जाऊन वाचावं लागतं. त्या भल्या माणसाने ते कष्ट घेतले नव्हते. हातात आलेला आकडा उचलून त्याने पडद्यावर टाकला होता, तोही मोठ्या अक्षरांत.

एका सकाळी परंदवडीच्या सोपानआबांचा फोन आला. आबा आमचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. सत्तरीचे आहेत, पण पॉलिहाऊसमधल्या प्रत्येक गुलाबाच्या रांगेवर त्यांची नजर असते.

"ताई, खोली मायनसमधी गेली! मायनस एक दाखवतंय! माल गोठंल माझा!"

"आबा, तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? कॉम्प्रेसर बंद केला, दार सताड उघडं टाकलं आन् घरातल्या समद्या गोधड्या आणून फुलांवर घातल्या!"

मी धावत परंदवडीला गेले. खोलीत चांगलंच उकडत होतं आणि फुलांच्या बादल्या ओळीने गोधड्या पांघरून उभ्या होत्या. ऑफिसात परत येऊन मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "तापमान आणि एरर यातला फरक कळत नाही लोकांना?"

मी म्हटलं, "सर, तो फरक पडद्यावर लिहिलाय कुठे?"

त्या दिवसापासून पडद्यावरचे सगळे मेसेज मी माझ्या ताब्यात घेतले. कोणी दिले नव्हते, मी घेतले. संध्याकाळी आबांचा पुन्हा फोन आला. त्यांचा आवाज जरा खाली आला होता.

"ताई, मग आता गोधड्या काढू का? म्हातारी मागती."

*

पहिल्या उत्साहात मी सोपी वाट धरली. C कडे प्रत्येक कारणासाठी इंग्रजीत तयार वाक्य असतं, तेच पडद्यावर आणलं. आबांनी नातीकडून वाचून घेतलं आणि मला फोन केला. "ताई, कनेक्शन नाकारलंय म्हणं. आमचं काय चुकलं ते तरी सांगा. एवढ्या वर्सांचा आपला संबंध!" आबा खरोखर दुखावले होते. मग मी ठरवलं, मेसेज मराठीत असेल. काय करायला गेलो, कोणाशी बोलायला गेलो, का जमलं नाही आणि आता तुम्ही काय करायचं, एवढं त्यात आलंच पाहिजे. त्यातलं एक जरी नसलं तर तो मेसेज नाही, नुसती बोंब आहे.

सरांना हे पटलं नाही. "आपण पेट्या विकतो, निबंध नाही," ते म्हणाले. मी ऐकेना, तेव्हा टेबलावर हात आपटून त्यांनी जाहीर केलं, "एवढी हौस आहे ना? मग आजपासून ज्याचा मेसेज, त्यानेच फोन उचलायचा!"

त्यांनी शिक्षा म्हणून काढलेला हा नियम आमच्या ऑफिसातला सगळ्यांत शहाणा नियम ठरला. फोन आपल्यालाच घ्यायचा आहे म्हटल्यावर माणूस वेगळं लिहितो. काही मेसेज मी नितीनला वाटून दिले होते आणि तो तोवर पुस्तकातलं मराठी लिहायचा. त्याने एके ठिकाणी "जोडणीची अवस्था अवैध" असं ठोकून दिलं होतं. आठवड्याच्या आत पवनेच्या बाजूने फोन आला आणि पलीकडचा माणूस नितीनला बोलूच देईना.

"अवैध? कोण म्हणतंय अवैध? सातबारा आमच्या नावावर हाय! मोजणी झालीया! कोण आलंतं तुमच्याकडं, आमचा चुलता आलता का?"

*

C मधली अजून एक गंमत. काम फसल्याचं कारण एका ठरलेल्या जागी लिहिलेलं असतं, पण ती जागा सगळ्यांना मिळून एकच. सोसायटीच्या फळ्यासारखी. तुम्ही सूचना वाचायच्या आत कोणी फळा पुसून गेलं, तर तुमच्या हाती कोरा फळा. आम्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचीच ही खास चूक, दुसऱ्या कोणाला करायला जमणार नाही.

नितीनने ती मन लावून केली. जोडणी फसली की आधी सॉकेट बंद करायचं आणि मग कारण वाचायचं, असं त्याने लिहिलं. ते बंद करणारा प्रोग्रॅमचा तुकडाही त्याचाच, आणि स्वच्छतेची आवड म्हणून तो जाता जाता फळा पुसून जायचा. कोऱ्या फळ्याचा अर्थ C च्या भाषेत "सगळं ठीक" असा होतो. त्यामुळे कामशेतच्या शकुमावशींच्या पेटीवर मेसेज आला, "सर्व्हरशी जोडणी झाली नाही. कारण: सर्व काही ठीक आहे."

मेसेज नितीनचा, म्हणून फोनही नितीनने घेतला. आम्ही स्पीकर लावायला लावला.

"दादा, समदं ठीक हाय म्हणून जोडणी झाली न्हाई व्हय?" मावशी म्हणाल्या.

"मावशी, असं होऊच शकत नाही."

"होतं की, कसं होत न्हाई? माझ्या पोराचं बघा. घर हाय, जिमीन हाय, पॉलिहाऊस हाय. दारू न्हाई, तंबाखू न्हाई. समदं ठीक! आन् जोडणी? किती वर्सं झाली, जमंना!"

नितीन स्वतः बिनलग्नाचा. फोन ठेवल्यावर त्याने खुर्ची पुढे ओढली आणि कारण आधी वाचून बाजूला ठेवायचं, सॉकेट नंतर बंद करायचं, अशी दुरुस्ती मुकाट्याने केली.

*

"कोणाशी बोलायला गेलो" हे मेसेजमध्ये हवंच, यावरून माझं आणि नितीनचं चांगलंच वाजलं होतं. तो म्हणायचा, "गिऱ्हाइकाला पत्ता कशाला? पेटी आपल्या सर्व्हरशीच बोलणार, अजून कोणाशी बोलणार?" मी म्हटलं, "बघू." आमच्या ओळखीच्या कॉम्प्युटरांची नावं मी प्रोग्रॅममध्ये घालून ठेवली, म्हणजे पडद्यावर आकड्यांऐवजी नाव येईल.

नवीन पेट्या तपासताना नितीन त्यांना आधी स्वतःच्या लॅपटॉपशी बोलायला लावतो. तपासून झालं की पत्ता बदलून सर्व्हरचा टाकायचा. एका पेटीत तो बदलायचा राहिला, आणि ती पेटी परंदवडीत आबांच्या शेजारच्या पॉलिहाऊसमध्ये जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या टेबलाशी उभे असतानाच फोन वाजला.

"ताई, तुमच्याकडं नितीन म्हणून कोण हायेत का? त्यांचा लॅपटॉप सापडना म्हणं."

"असं कोण म्हणालं?"

"पेटीवर आलंय न्हवं, नितीनचा लॅपटॉप सापडत नाही. आमी समदीकडं बघितलं. खताच्या पोत्यांमागं बघितलं, पंपाच्या खोलीत बघितलं. त्यांना सांगा, हितं न्हाई. यष्टीत इसरले असतील!"

सर नितीनकडे बघत राहिले. लॅपटॉप नितीनच्या पुढ्यातच होता.

*

लोणावळ्याच्या एका हॉटेलवाल्याने दूध-भाजीच्या कोल्ड रूमला आमची पेटी लावली. पेटी सोमवार ते शुक्रवार गुणी बाळ. शनिवार उजाडला की तिचं बोलणं बंद.

इथे जरा समजून घ्यावं लागेल. आपण दार वाजवलं आणि आतून काहीच उत्तर आलं नाही, तो टाइमआउट. दार वाजवलं आणि आतून कोणीतरी "इथे ते नाहीत!" असं ओरडलं, तो नकार. पहिल्यात रस्त्यातच काही गोंधळ असू शकतो. दुसऱ्यात घर बरोबर सापडलेलं असतं, आमचा प्रोग्रॅम तेवढा घरात नसतो. पडद्यावर दोन्हींना एकच वाक्य लिहिणारा माणूस माझ्या लेखी आळशी.

हॉटेलवाल्याचा होता टाइमआउट. शनिवार-रविवारी धबधबे बघायला आलेली सगळी गर्दी एकाच वेळी फोटो पाठवत असते, टॉवर त्यातच दमून जातो आणि आमच्या पेटीला कोणी विचारत नाही. हे शोधून काढलं नितीनने, त्यामुळे मेसेजही त्याने लिहिला. माझ्या नियमाप्रमाणे कारण आणि उपाय दोन्ही घालून. "सर्व्हरकडून उत्तर नाही. टॉवरवर गर्दी आहे. पर्यटक गेल्यावर पुन्हा प्रयत्न करा."

रविवारी दुपारी हॉटेलवाल्याचा फोन.

"अहो, तुमची पेटी बिलिंग काउंटरच्या मागे आहे! मी विकत घेतलेली पेटी माझ्याच गिऱ्हाइकांना 'कधी जाताय' म्हणून विचारतेय!"

नितीन शांतपणे म्हणाला, "पण शेठ, खोटं आहे का त्यात काही?"

पलीकडे कोणाला तरी बिल देऊन शेठ फोनवर परत आला.

"खोटं काही नाही हो. पण ते सोमवारी दाखवा ना!"

*

आता खऱ्या भांडणाकडे येते.

एकदा आमचा सर्व्हर बंद पडला. सर्व्हरचं यंत्र चालू, आतला आमचा प्रोग्रॅम बंद, म्हणजे शंभर टक्के आमची चूक. तेव्हा पडद्यावर मी नुसतं "सर्व्हरने जोडणी नाकारली" एवढंच लिहिलेलं होतं. आबांनी आधी सिम काढून पुसून घातलं. मग वायर तपासली. मग शिडी लावून शेडच्या पत्र्यावर चढले आणि अँटेना हलवत बसले. त्यांच्या नातीने मला फोन केला, "ताई, आबांना खाली उतरायला सांगा, माझं ऐकत नाहीत."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. चूक आमची आणि सत्तरीचा माणूस उन्हात पत्र्यावर! कोणी त्यांना सांगितलं नाही म्हणून! लिहायचं कोणी? मीच ना. मी तिथल्या तिथे बसून पडद्याच्या चार ओळी भरल्या.

आमचा सर्व्हर बंद आहे.
दोष आमचा आहे.
तुम्ही काही तपासू नका.
कॉम्प्रेसर हाताने सुरू करा.

सरांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "जगातली कुठली कंपनी स्वतःच्या पेटीवर स्वतःचा दोष लिहिते?"

"मग आपली पहिली."

"सुजाता, बाजारात हसं होईल. 'तांत्रिक अडचण, कृपया थोडा वेळ थांबा.' सगळं जग हेच लिहितं."

"सगळ्या जगाची फुलं आपल्या कोल्ड रूममध्ये नाहीत, सर. थांबा म्हटलं तर ती माणसं थांबतील. खोली तापत जाईल आणि ती थांबून राहतील."

सर एकेकाळी स्वतः C लिहायचे आणि हे ते कोणाला विसरू देत नाहीत. मी नाही म्हटल्यावर ते स्वतः बसले, माझं वाक्य खोडून आपलं घातलं आणि सगळ्या पेट्यांवर पाठवून दिलं. मी बघत होते. हात बांधून उभी होते, पण बघत होते.

थोड्याच दिवसांनी दुपारी इन्व्हर्टरने क्षणभर मान टाकली; सर्व्हरचं यंत्र पुन्हा उठलं, आतला आमचा प्रोग्रॅम मात्र उठला नाही. फोन वाजायला लागला. मी उचलला नाही. फोनची वायर लांब होती, मी तो उचलून सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. मेसेज त्यांचा होता.

"थोडा वेळ म्हंजी किती?" पहिल्याने विचारलं.

"थोडा म्हणजे... थोडाच," सर म्हणाले.

"थोडा म्हंजी माल खोलीत ठिवू का टेम्पोत भरू?" दुसऱ्याने विचारलं. तिसऱ्याला शेजारच्याने सांगितलं होतं की साहेब स्वतः फोन घेतायत, म्हणून तो आधी ख्यालीखुशाली विचारत बसला. शकुमावशी म्हणाल्या, "पोरीकडचे बी आसंच म्हणत्यात. थोडं थांबा."

संध्याकाळी सगळे गेल्यावर सरांनी माझ्या चार ओळी परत जागेवर घातल्या. मला त्यांनी ते सांगितलं नाही. मीही आभार मानले नाहीत.

*

आणि हा शेवटचा, फेब्रुवारीतला.

फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे व्हॅलेंटाइनचा हंगाम. सगळा मावळ गुलाब तोडण्यात, बांधण्यात आणि गार ठेवण्यात गुंतलेला. अशा दिवसांत पुण्याच्या एका बड्या निर्यातदार कंपनीचे साहेब आमच्याकडे येणार होते. त्यांच्या मावळात बऱ्याच कोल्ड रूम. सगळ्यांवर भारीतली परदेशी पेटी. तरी आदल्या हंगामात त्यांच्या एका खोलीतला सगळा माल आतल्या आत उमलून फुकट गेला होता. कॉम्प्रेसर बंद पडला होता आणि पेटीवर नुसता लाल दिवा लागला होता. त्याचा अर्थ काय हे तिथल्या कोणालाच माहीत नव्हतं. ही गोष्ट कामशेतच्या बाजारात चहावाल्यालाही ठाऊक होती.

सरांनी मला बोलावलं. "ही ऑर्डर मिळाली तर आपण उभे राहिलो. साहेब येण्याआधी ते 'दोष आमचा' गेलं पाहिजे. सगळ्या पेट्यांवरून."

"नाही, सर."

"शेवटचं सांगतो. ते वाक्य तरी राहील, नाहीतर तू तरी."

"मला C ने खोटं बोलायला शिकवलेलं नाही," मी म्हटलं आणि बाहेर आले.

घरी वडगावला आई म्हणाली, "अगं, एका ओळीसाठी नोकरी घालवतेस?"

मी म्हटलं, "आई, चार ओळी आहेत."

राजीनामा मात्र मी लिहिला नाही. काढायचं असेल तर सरांनी काढावं. मी का लिहू?

साहेब आले. गंभीर माणूस, बोलणं कमी. मीटिंगला सरांनी मलाही बसवलं होतं, कारण तांत्रिक प्रश्न आला तर उत्तर देणारं कोणी हवं. निदान त्या दिवसापुरती माझी गरज होती. साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचा सर्व्हर बंद पडला तर?"

"आमचा सर्व्हर कधी बंद पडत नाही, साहेब," सर म्हणाले.

काचेपलीकडून नितीन मला हातवारे करत होता. मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले. साहेबांना दाखवायला म्हणून त्याने ते यायच्या आधीच सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम चढवला होता. जुना बंद केला, पण त्या जुन्या प्रोग्रॅमने धरलेली जागा अजून मोकळी झाली नव्हती, त्यामुळे नवा सुरू होईना. नितीन घाबरून पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत बसला होता. एव्हाना सगळ्या पेट्यांवर माझ्या चार ओळी झळकल्या होत्या. त्या ओळी तिथे आहेत हे मला माहीत होतं, आणि खरं सांगते, मला अजिबात वाईट वाटलं नाही. मी नितीनला बाजूला केलं, पण माझी दुरुस्ती पहिल्या झटक्यात लागली नाही. बराच वेळ गेला तेव्हा कुठे प्रोग्रॅम सुरू झाला. पाण्याचा जग घेऊन मी परत आत जाऊन बसले. सर विश्वासार्हतेबद्दल बोलत होते.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दारात सोपानआबा, मागे त्यांच्या शेजारचे दोघं. तिघांनीही बाहेर चपला काढल्या. एखाद्याच्या घरी आजारी माणसाला बघायला जाताना जसा चेहरा करतात तसा तिघांचा चेहरा. आबांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला गुलाबांचा जुडगा होता.

"कुटं हाय त्यो?" आबांनी हळू आवाजात विचारलं.

"कोण?" सर उठून उभे राहिले.

"सर्व्हर. बंद पडलाय म्हणं. टेम्पो घेऊन स्टेशनला आलोच हुतो, म्हटलं बघून जावं. आता बरं हाय का?"

त्यांच्या पाठोपाठ आत आलेल्या नितीनने टेबलाखाली बोट दाखवलं. आबा गुडघ्यावर हात ठेवून वाकले, तिथल्या धुळकट काळ्या डब्याकडे नीट बघितलं आणि मान हलवली. मग फुलं माझ्या हातात दिली. "धरा, ताई. रिकाम्या हातानं कसं यायचं?"

साहेब खुर्चीतून पुढे झाले होते. "आबा, सर्व्हर बंद पडलाय हे तुम्हांला कोणी सांगितलं?"

"पेटीनं."

"काय सांगितलं पेटीनं?"

"काय म्हंजी? आमचा सर्व्हर बंद हाय, दोष आमचा हाय, तुमी काय तपासू नका, कॉम्प्रेसर हातानं चालू करा. केला. माल गार हाय, टेम्पोत भरून बी झाला."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली नाही. साहेबांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि आबांकडे बघत राहिले. एवढं काय बघतोय हा माणूस, हे आबांना समजेना. त्यांनी आपल्या सोबतच्या दोघांकडे बघितलं, मग पुन्हा साहेबांकडे, आणि अगदी साधेपणाने विचारलं,

"का वो साहेब, तुमची पेटी न्हाई व्हय सांगत?"